वीज येते तेव्हां

वीज गेली म्हणजे आपण चिडतों आणि ती परत आली म्हणजे सुटकेचा निःश्वास टाकतों. वीज जाण्याविषयीं तक्रार करणारे पुष्कळ आढळतात. परंतु वीज येण्याचा क्षण हाहि कांहीं कमी धोक्याचा नसतो, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आज मला त्याच क्षणाविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

संध्याकाळची वेळ घ्या. तास-दीड तास गेलेली वीज येते आणि आळींतून "आली, आली" असा एकच गलका उठतो. पंखा क्षणभर रेंगाळून मग वेग घेतो. फ्रीज मात्र लगेच सुरू होत नाहीं. त्याच्या शेजारच्या स्टॅबिलायझरवर एक बारीक दिवा लुकलुकत राहतो, आणि दोन-तीन मिनिटांनीं आंत 'टक्' असा आवाज होऊन मग फ्रीजची घरघर ऐकूं येते. हा त्या यंत्राचा आळस आहे असें पुष्कळांस वाटतें. 'लगेच चालू होणारा' स्टॅबिलायझर द्या, म्हणून दुकानदाराशीं हुज्जत घालणारें गिऱ्हाईकहि मीं पाहिलें आहे. वस्तुतः फ्रीज बंद पडल्यावर कॉम्प्रेसरच्या एका अंगास वायूचा दाब साचलेला असतो. तो दोन्हीं अंगांस सारखा होण्यापूर्वींच मोटार सुरू केली तर तिला तो दाब ढकलीत उठावें लागतें, आणि तिचें वेटोळें जळण्याचा संभव असतो. म्हणून तिला थोडें थांबविलें जातें. कारखानदारानें ही योजना केली ती आपल्या एकट्या फ्रीजच्या काळजीनें. पण तिचा आणखी एक फायदा न मागतां मिळतो. कोणाचा स्टॅबिलायझर दोन मिनिटें थांबतो, कोणाचा तीन. त्यामुळें आळींतले सगळे फ्रीज एकाच पळीं उठत नाहींत.

हा न मागतां मिळणारा फायदा जेथें मिळत नाहीं, तेथें काय होतें तें पाहावयाचें असेल तर हिवाळ्यांत धाराशिव जिल्ह्यांतील एखाद्या शिवारांत रात्र काढावी. धाराशिव, म्हणजे २०२३ पर्यंत ज्याचें सरकारी नांव उस्मानाबाद होतें तो जिल्हा, बालाघाटच्या डोंगररांगांवर पर्जन्यछायेंत वसलेला आहे. तेथील भूमि काळ्या पाषाणाची. त्या पाषाणाच्या फटींत जें पाणी मुरेल तें विहिरींतून आणि बोअरांतून वर खेंचावयाचें, आणि हरभरा, गहू, ऊस, द्राक्षबाग जगवावयाची. हें खेंचण्याचें काम विजेच्या मोटारी करतात. मोटारीस लागणारी तीन फेजची वीज शेतीसाठीं चोवीस तास मिळत नाहीं. अनेक वर्षें ती आठ-दहा तास, आणि तीहि आठवड्याच्या पाळीनें कधीं दिवसां तर कधीं रात्रीं, अशी मिळत आली. त्यांतूनहि ती मध्यें एकदां गेली कीं पुन्हां केव्हां येईल याचा नेम नाहीं.

आतां मोटारीच्या स्टार्टरची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सगळी मेख तेथेंच आहे. विहिरीजवळच्या खोपटांत भिंतीवर लोखंडी पेटी असते. तिच्यावर एक हिरवी आणि एक तांबडी अशा दोन कळा असतात. हिरवी कळ दाबली कीं आंतील एका वेटोळ्यांतून वीज वाहते, तें लोहचुंबक बनतें आणि मोटारीकडे जाणारे संपर्क ओढून धरतें. बोट काढलें तरी चुंबक त्यांस सोडीत नाहीं. परंतु वीज गेली कीं चुंबकाची शक्ति जाते, संपर्क सुटतात, आणि वीज परत आली तरी ते आपण होऊन जुळत नाहींत. पुन्हां कोणीतरी येऊन हिरवी कळ दाबावीच लागते. हा कांहीं यंत्रांतील दोष नव्हे. तें मुद्दाम केलेलें आहे. वीज नसतांना कोणी विहिरींत उतरून फूटवाल्व्ह साफ करीत असेल, कोणी पट्टा किंवा तार हाताळीत असेल. वीज येतांच मोटार आपोआप फिरूं लागली तर त्याचे प्राण जातील. ज्यानें ही योजना प्रथम केली त्यानें माणसाचा विचार आधीं केला, असेंच म्हटलें पाहिजे.

पण ह्याच योजनेमुळें शेतकऱ्यास रात्रीं दोन वाजतां वीज आली कीं अंथरूण सोडून रानांत जावें लागतें. अंधार, थंडी, विंचूकाटा हें नेहमींचेंच. २०२४ च्या डिसेंबरांत तर येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यांत यवतमाळकडील टिपेश्वरहून शेंकडों किलोमीटर चालून आलेला एक वाघ कॅमेऱ्यांत दिसला, आणि त्या मुलुखांत रात्रीं पाणी धरावयास जाणें म्हणजे काय, तें शहरांतील वर्तमानपत्रें वाचणाऱ्यांसहि कळलें. तेव्हां शेतकऱ्यानें ह्या पेटीवर तोड काढली, यांत नवल तें काय? पूर्वीं कोणी हिरवी कळ दाबलेल्या स्थितींतच बांधून ठेवी. पुढें बाजारांत एक लहानसें यंत्र आलें. त्याचें नांव 'ऑटो'. वीज आली कीं तें माणसाऐवजीं स्वतःच हिरव्या कळेचें काम करतें. मालक घरीं झोंपलेला, आणि रानांत पाटाला पाणी चालू! एका शेतकऱ्यापुरतें पाहिलें तर इतक्या थोड्या पैशांत इतकी सोय करून देणारें दुसरें यंत्र दाखवितां येणार नाहीं.

आतां हाच हिशेब दहा शेतकऱ्यांचा करून पाहूं. एका डीपीवर, म्हणजे खांबावरच्या रोहित्रावर, दहा मोटारी आहेत असें समजा. रोहित्र ६३ केव्हीएचें आहे. मोटारी पांच-पांच अश्वशक्तीच्या आहेत. अशी मोटार चालू असतांना तिचा भार साधारण साडेपांच केव्हीए पडतो. दहांचा मिळून पंचावन्न. म्हणजे रोहित्र तो भार सहज पेलतें, आणि कागदावर सर्व कांहीं ठीक आहे. परंतु ह्या जातीची मोटार उभी असतांना तिला वीज दिली, तर तिची गति येईपर्यंतचे दोन-चार सेकंद ती नेहमींच्या पांच ते सातपट प्रवाह ओढते. बैलगाडी चिखलांतून हलवितांना बैलांस प्रथम जो हिसका द्यावा लागतो, तसेंच हें. एकेक मोटार आगेंमागें सुरू झाली तर रोहित्रास त्याची दादहि नसते. दहाहि मोटारी एकाच पळीं उठल्या, तर सहापटीनें धरून ३३० केव्हीएची मागणी होते. म्हणजे रोहित्राच्या शक्तीच्या पांचपटींहून अधिक.

पुढें जें होतें तें अधिक वाईट. एवढी मागणी आली कीं विजेचा दाब खालीं येतो. मोटारीचें बळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतें; दाब शंभराचा सत्तरावर आला तर बळ जवळ जवळ निम्में राहतें. निम्म्या बळाच्या मोटारीस पंपाची पुरी गति गांठतां येत नाहीं. ती घूं घूं करीत अर्धवट फिरते आणि अर्धवट फिरत असेपर्यंत तो मोठा प्रवाह ओढीतच राहते. दोन-चार सेकंदांचा हिसका मिनिटभर लांबतो. मग कोठें फ्यूज उडतो, कोठें मोटारीचें वेटोळें काळें पडतें, आणि पुष्कळ वेळां रोहित्रच जळतें. रोहित्र जळलें कीं दुसरें बसेपर्यंत दहाहि विहिरी मुक्या! हरभरा घाट्यांत असतांना ते दिवस शेतकरी कसे काढतो, हें त्याच्या घरच्या माणसांनाच ठाऊक.

महावितरण प्रत्येक रब्बीच्या हंगामांत आवाहन करते कीं ऑटो काढून टाका आणि कपॅसिटर बसवा. सल्ला खरा आहे. मात्र त्याचे दोन्हीं भाग एका तोलाचे नाहींत. कपॅसिटरनें चालू मोटारीचा भार साडेपांचावरून पावणेपांचांच्या आसपास येतो. तो अवश्य बसवावा. पण सुरू होण्याच्या वेळचा लोंढा त्यानें फारसा थांबत नाहीं. आणि ऑटो काढा म्हटलें तर रात्रीं रानांत जावयाचें कोणी? म्हणून आवाहनें होत राहतात आणि ऑटोहि विकले जात राहतात.

माझें स्वतःचें पोटापाण्याचें काम शेतीचें नाहीं. मी संगणक सांभाळतों. घरांतल्यासारखा एखादा नव्हे, तर कार्यालयांचें काम रात्रंदिवस करणारे, ज्यांस सर्व्हर म्हणतात असे कैक. ह्या संगणकांस ठराविक वेळीं ठराविक कामें करावयास लावण्यासाठीं आज्ञांची एक लहानशी टांचण लिहून ठेवावी लागते. तिला आमच्या धंद्यांत स्क्रिप्ट म्हणतात. ती टांचण वेळेवर सुरू करणारा जो कारकून संगणकाच्या आंतच बसलेला असतो त्याचें नांव क्रॉन. युनिक्स नांवाच्या संगणकप्रणालीच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीपासून तो चाकरींत आहे, आणि अमुक वाजतां अमुक कर म्हटलें कीं तो सेकंद चुकवीत नाहीं. एका कार्यालयांत मीं चाळीस संगणकांवर एकच टांचण घातली: रोज रात्रीं बारा वाजतां दिवसभराच्या कागदपत्रांची नक्कल मध्यवर्ती भांडारांत पाठव, न जमल्यास लगेच पुन्हां प्रयत्न कर. एका संगणकावर प्रयोग केला, झकास चालला. चाळिसांवर घातली, आणि पहिल्याच रात्रीं बाराच्या ठोक्याला चाळीसहि जण भांडाराच्या दारावर आदळले. भांडार गुदमरलें. कोणाचेंच काम होईना, म्हणून प्रत्येकानें लगेच पुन्हां प्रयत्न केला, पुन्हां केला, आणि सकाळीं मला एकहि नक्कल सापडली नाहीं. त्यांतील प्रत्येक संगणकानें मीं सांगितलें तेंच तंतोतंत केलें होतें.

उपाय एका ओळीचा निघाला. टांचणेच्या आरंभीं मीं लिहिलें: प्रथम झोंप घे, शून्य ते छत्तीसशें सेकंदांपैकीं जी कोणतीहि संख्या हातीं लागेल तितके सेकंद. चाळीस संगणक तासाभरांत विखुरले, आणि ज्या भांडारानें आदल्या रात्रीं मान टाकली होती त्यानेंच सर्वांचें काम निवांतपणें उरकलें. नवें यंत्र एकहि घ्यावें लागलें नाहीं. पुढें मीं ती ओळहि बदलली. रोज निराळी संख्या आली कीं बिघाड शोधणें जड जातें. म्हणून प्रत्येक संगणकाच्या नांवाच्या अक्षरांवरून हिशेबानें एक संख्या काढावयाची, आणि ती त्याची कायमची, असें ठरविलें.

हें शहाणपण माझें नव्हे. १९७१ सालीं हवाई बेटांवरील विद्यापीठांत नॉर्मन एब्रॅमसन यांनीं निरनिराळ्या बेटांवरील यंत्रें रेडिओच्या एकाच लहरीवर बोलतील अशी योजना सुरू केली. दोघे एकदम बोलले तर दोघांचेंहि बोलणें फुकट. तेव्हां प्रत्येकानें मनास येईल तितका वेळ थांबून पुन्हां बोलावें, असा नियम होता. दोघांचा थांबण्याचा वेळ सारखा असता तर ते जन्मभर एकमेकांवर आदळत राहिले असते. १९७३ सालीं रॉबर्ट मेटकाफ यांनीं ईथरनेटमध्यें त्यावर आणखी एक पायरी चढविली: टक्कर झाली कीं थांबण्याची मुदत दुपटीनें वाढवावयाची. उलट, २००३ सालीं अमेरिकेंत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वेळ सांगणाऱ्या संगणकावर घरगुती राउटरांचा असा कांहीं मारा झाला कीं तो बाहेरून कोणी मुद्दाम केलेला हल्ला असावा असें प्रथम वाटलें. शोध करतां असें आढळलें कीं त्या राउटरांस कारखान्यांतच तो एक पत्ता कायमचा शिकविला होता, आणि उत्तर न मिळाल्यास दर सेकंदास पुन्हां विचार, असेंहि शिकविलें होतें. राउटर लाखोंनीं विकले गेले होते. प्रत्येक राउटर आपल्या घरापुरता निर्दोष होता!

कळंब तालुक्यांतील माझ्या आतेभावास मीं ही सगळी हकीकत दिवाळीच्या सुटींत सांगितली. आम्ही त्यांस अण्णा म्हणतों. त्यांच्या डीपीवर बरोबर दहा मोटारी, आणि आदल्या हिवाळ्यांत ती डीपी दोनदां जळलेली. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाले, "तुझे संगणक एकमेकांना ओळखत नाहींत, म्हणून त्यांना चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. आम्ही तर रोज एकमेकांच्या बांधावर असतों. आम्हांला पाळी लावतां येईल. पण शेवटची पाळी कोण घेईल, तें सांग."

खरी अडचण ती होती. सर्वांस वाटे कीं पहिल्यानें सुरू होणाऱ्यास दाब चांगला मिळतो आणि मागाहून येणाऱ्यास गाळ. आम्ही कागदावर आंकडे मांडले. मोटार गति घेण्यास कांहीं सेकंद लागतात. एकेक मिनिटाचें अंतर ठेवलें तरी पहिली एका मिनिटांत आणि दहावी दहा मिनिटांत चालू होते. आठ तासांचीं मिनिटें चारशें ऐंशीं. त्यांतील दहा गेलीं, तर काय मोठें गेलें? तरीहि क्रमाचा प्रश्न उरलाच. मग मीं सुचविलें कीं जो डीपीपासून सर्वांत दूर त्याची पाळी पहिली. कारण लांब तारेंतून जातां जातां दाब आधींच घटलेला असतो, तेव्हां रिकाम्या वाहिनीचा लाभ त्यास देणें योग्य. जो डीपीच्या पायथ्याशीं त्याची शेवटची. ह्यांत कोणाचा मान आणि कोणाची वशिलेबाजी यांचा प्रश्नच राहत नाहीं. अंतर पावलांनीं मोजतां येतें. अण्णांची विहीर डीपीला लागून आहे. त्यांनीं दहावी पाळी घेतली, आणि मग इतरांची बोलणीं फारशीं लांबलीं नाहींत.

येथें ऑटोच्या खरेदीविषयीं थोडें सांगणें भाग आहे, कारण आपणांपैकीं अनेकांची शेती गांवाकडे भाऊबंद पाहत असतील. दुकानांत मुख्यतः तीन प्रकार दिसतात. सर्वांत स्वस्त ऑटोंत वीज आल्यावर थांबण्याची मुदत कारखान्यांतच ठरविलेली असते, कांहीं थोड्या सेकंदांची. दहाहि जणांनीं एकाच बनावटीचा आणला तर तो विलंब असून नसल्यासारखा. सगळे पांच सेकंद थांबून एकदम उठतात. दुसऱ्या प्रकारांत ही मुदत कमीजास्त करण्याचा एक लहान स्क्रू किंवा बटण असतें, आणि तीनपैकीं एक फेज नसेल अथवा विहिरींतलें पाणी संपलें असेल तर मोटार बंद करण्याचीहि सोय असते. थोडे पैसे अधिक पडले तरी घ्यावयाचा तर हाच घ्यावा. विकत घेतांना दुकानदाराकडून मुदत दहा मिनिटांपर्यंत वाढते कीं नाहीं तें चालवून दाखवून घ्यावें. नुसत्या पेटीवरच्या छापील मजकुरावर जाऊं नये. तिसरा प्रकार मोबाइलवरून चालणाऱ्या स्टार्टरांचा. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश' ह्या अशाच योजनेस २००९ सालीं नोकिया कंपनीचें पारितोषिक मिळालें होतें. घरबसल्या वीज आहे कीं नाहीं हें कळतें, आणि मोटार चालू-बंद करतां येते. सोय मोठी, पण जेथें मोबाइलचा संदेश नीट पोंचत नाहीं अशा खोलगट रानांत तो रुसून बसतो. यंत्र कोणतेंहि असो, तें बसविण्याचें काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवावें. आणि विहिरींत उतरण्यापूर्वीं मुख्य स्विच पाडून फ्यूज काढून खिशांत ठेवल्यावांचून एक पायरीहि उतरूं नये. ऑटो बसविला त्या दिवशीं हिरव्या-तांबड्या पेटीनें दिलेलें अभय आपण आपल्या हातानें काढून घेतलें, हें घरांतल्या पोरांसहि सांगून ठेवावें.

कोणी म्हणेल, आतां सौर वीज येत आहे. हा प्रश्न मिटेल. अर्धा मिटेल. शेताच्या वीजवाहिन्या सौर विजेवर चालवून दिवसां वीज देण्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ सालीं निघाली. तिच्यामुळें जेथें दिवसां वीज मिळेल तेथें रात्रीचें रान टळेल. पण दिवसां आली तरी वीज सर्वांकडे एकदमच येणार, आणि डीपीस दिवस-रात्र सारखीच. ज्याच्या बांधावर स्वतःचीं सौर तावदानें आणि स्वतःचा पंप आहे तो मात्र ह्या भानगडींतून सुटला. त्याचा पंप सूर्य वर येईल तसा हळूहळू वेग घेतो, आणि शेजाऱ्याशीं त्याची टक्कर होत नाहीं.

अण्णांच्या डीपीवर ती पाळी लागल्यापासून पहिला हिवाळा पार पडला, डीपी जळली नाहीं. एका हिवाळ्यावरून निकाल देणें बरें नव्हे. कदाचित् नशीबहि असेल. मागच्या खेपेस मी गेलों तेव्हां चौथ्या पाळीवाल्याचा ऑटो बिघडला होता, आणि त्यानें परस्पर नवा आणून बसविला होता. रात्रीं वीज आली तेव्हां त्याची मोटार सर्वांच्या आधीं उठली. अण्णांनीं अंथरुणांतूनच आवाजावरून तें ओळखलें. सकाळीं पेटी उघडून पाहतात तों मुदतीचा स्क्रूच नाहीं. मी निघालों तेव्हां तो ऑटो पिशवींत घालून, त्या शेजाऱ्यास मागें बसवून, अण्णा मोटारसायकलवरून कळंबच्या दुकानीं तो बदलून घ्यावयास चालले होते.